साध्य १०४ टक्के, तरीही पाड्यावर गोवर: लसीकरणाचे खरे प्रमाण कसे मोजावे

आपला प्रश्न असा आहे: आपल्या आदिवासी तालुक्यात गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या मात्रेचे साध्य मासिक अहवालात १०४ टक्के दिसते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र जिल्ह्यातील बालकांचे पूर्ण लसीकरण सुमारे ७० टक्के आहे, आणि याच काळात दोन पाड्यांवर गोवराची लागण झाली आहे. तेव्हा विश्वास कोणत्या आकड्यावर ठेवायचा, आणि स्वतः मोजायचे ठरवले तर कसे मोजायचे? लसीकरणाची सर्वेक्षणे आखणे, त्यांसाठी गावोगाव हिंडणे आणि हाती आलेल्या नोंदींची छाननी करणे हे काम मी पंचवीस वर्षे करत आले आहे. हा प्रश्न नव्याने रुजू झालेल्या जवळजवळ प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याने मला कधी ना कधी विचारलेला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

सर्वांत आधी एक दुरुस्ती. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. १०४ हा एका लसीच्या एका मात्रेचा आकडा आहे. ७० हा बीसीजी (क्षयरोगावरची लस), गोवराची पहिली मात्रा, तीन वेळा पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस, पुढे नुसते ‘पेंटा’) किंवा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची) आणि तीन वेळा पोलिओ, हे सगळे मिळालेल्या १२ ते २३ महिन्यांच्या बालकांचा आकडा आहे. जिल्ह्याच्या तथ्यपत्रकात गोवराच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण वेगळ्या ओळीत दिलेले असते. तुलना करायची तर त्या ओळीशी करावी. ती केल्यावर फरक कमी होईल, पण संपणार नाही, आणि उरलेला फरक कोठून येतो हे समजून घेणे हेच खरे काम आहे.

टक्केवारी म्हणजे अंशाला छेदाने भागणे. अहवालातला अंश आपल्या आरोग्य सेविकांच्या टॅली शीटवरून, म्हणजे सत्रात दिलेल्या प्रत्येक मात्रेची खूण करायच्या तक्त्यावरून येतो. छेद मात्र आपल्या तालुक्यात कोणी मोजलेला नसतो. तो वरून उतरत येतो. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या घ्यायची, तिला वाढीचा दर लावून चालू वर्षापर्यंत आणायची, जन्मदराने गुणून जन्म काढायचे, अर्भक मृत्यू वजा करायचे, आणि उरेल ते वर्षाचे उद्दिष्ट. या साखळीतला प्रत्येक दुवा बहुधा राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरासरीचा असतो. आदिवासी तालुक्याचा जन्मदर त्या सरासरीहून जास्त असेल, तर उद्दिष्ट पहिल्याच दिवशी कमी ठरते.

एक काल्पनिक हिशोब मांडते. समजा, तालुक्याची अंदाजित लोकसंख्या २,७०,००० धरली आणि जन्मदर हजारी १६ लावला. जन्म झाले ४,३२०. हजारी २० अर्भक मृत्यू वजा केल्यावर उद्दिष्ट ठरले ४,२३४ बालकांचे. वर्षात ४,४०३ मात्रा नोंदल्या गेल्या, म्हणून साध्य १०४ टक्के. आता समजा, तालुक्यात प्रत्यक्षात ४,९०० बालके जन्मली आणि त्यांतली ४,८०२ वर्षभर जगली. मग तेवढ्याच मात्रांचे साध्य सुमारे ९२ टक्क्यांवर येते. त्या ४,४०३ मात्रांपैकी ३५० मात्रा वर्षाहून मोठ्या, उशिरा आलेल्या मुलांना दिलेल्या असतील आणि २५० मात्रा शेजारच्या तालुक्यातून आलेल्या बालकांना दिलेल्या असतील, तर आपल्या तालुक्यातील आणि वेळेत लस मिळालेली बालके उरतात ३,८०३. म्हणजे ७९ टक्के. १०४ चे ७९ झाले, आणि या सगळ्यात कोणीही एकही खोटी नोंद केलेली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण साध्य शंभरावर गेले की वरिष्ठ कार्यालयातला पहिला संशय सेविकेवर जातो, आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

आपल्याकडे हा छेद हलता राहण्याची काही खास कारणे आहेत. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा आणि कावीळ-ब ची जन्ममात्रा माहेरच्या दवाखान्यात होते, पेंटाचा पहिला डोसही पुष्कळदा तिथेच होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ सासरी येते. माहेरच्या उपकेंद्रात ते बाळ बीसीजीच्या अंशात मोजले जाते, पण गोवराच्या मात्रेसाठी तिथे सापडत नाही, म्हणून तिथे गळती दिसते. सासरच्या उपकेंद्रात ते जन्माच्या नोंदवहीत नसताना अचानक गोवराच्या अंशात येते, म्हणून तिथे साध्य फुगते. दुसरे कारण स्थलांतराचे. बीडमधली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती उन्हाळा लागताना परततात. पालघरच्या डोंगरातली कातकरी आणि वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. या मुलांचा छेद एका जिल्ह्यात आणि अंश दुसऱ्या जिल्ह्यात पडतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत अंश कोठेच पडत नाही. शहरांत उलटी अडचण असते: खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे टोचलेल्या लसी सरकारी अहवालापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे सुखवस्तू प्रभागाचे साध्य कमी दिसते आणि त्या गोंधळात शेजारच्या झोपडपट्टीतले खरोखर कमी असलेले लसीकरण लपून जाते.

अंशाची तपासणी कशी करावी, तर आधी घरबसल्या. पेंटाच्या पहिल्या मात्रेपेक्षा तिसरी मात्रा जास्त, किंवा वर्षानुवर्षे पेंटाच्या पहिल्या मात्रेपेक्षा गोवराची पहिली मात्रा जास्त दिसत असेल, तर गळती उणे येते. एखाद्या महिन्यात हे घडू शकते, सबंध वर्षात घडत असेल तर नोंदीची पद्धत बिघडलेली आहे. मग लसीच्या साठ्याची नोंदवही उघडावी. सुरुवातीचा साठा अधिक आलेल्या मात्रा वजा शिल्लक म्हणजे वापरलेल्या मात्रा. नोंदलेली बालके त्याहून जास्त असतील, तर तो आकडा अशक्य आहे. त्यानंतर चार-पाच उपकेंद्रांत जाऊन एका तिमाहीची टॅली शीट, लसीकरण नोंदवही आणि वर पाठवलेला अहवाल शेजारी ठेवून पुन्हा मोजावे. नोंदवहीत सापडलेल्या मात्रांना अहवालातल्या मात्रांनी भागले की पडताळणीचा गुणक मिळतो. हे काम दोन दिवसांचे आहे, आणि माझ्या मते प्रत्येक तालुक्यात दर सहा महिन्यांनी व्हायला हवे.

आकड्यांना पैसा किंवा शाबासकी जोडली की ते वाढतात, हेही विसरू नये. ‘गावी’ (Gavi) या जागतिक लस संस्थेने गरीब देशांना त्रिगुणी लसीची तिसरी मात्रा मिळालेल्या प्रत्येक अतिरिक्त बालकामागे २० डॉलर देण्याची योजना राबवली होती. २००८ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ५१ देशांनी कळवलेली अतिरिक्त बालके १ कोटी ३९ लाख होती, आणि घरोघरच्या सर्वेक्षणांच्या आधाराने काढलेला आकडा ७४ लाखांचा निघाला. नायजेरियात २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पेंटाची तिसरी मात्रा अवघ्या ३३ टक्के बालकांना मिळाल्याचे आढळले, तोपर्यंत अहवालांमधला आकडा त्याच्या कितीतरी वर होता. त्यानंतर २०१७ मध्ये तिथल्या सरकारने नियमित लसीकरणाची आणीबाणीसारखी दखल घेतली. वाईट आकडा मान्य करण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

आता सर्वेक्षणाकडे वळू, कारण सर्वेक्षण म्हणजे सत्य असा एक उलटा भ्रम आपल्याकडे आहे. जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत ३० गट (म्हणजे निवडलेली गावे किंवा वस्त्या) आणि प्रत्येक गटात ७ बालके ही होय. ती पश्चिम आफ्रिकेतील देवी निर्मूलनाच्या काळात रुळली आणि पुढे विस्तारित लसीकरण कार्यक्रमाबरोबर सर्वत्र पसरली. २१० हा आकडा कोठून आला तेही पाहा. प्रमाण ५० टक्के धरून, दहा टक्क्यांच्या आगेमागे अचूकता हवी असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत ९६ बालके लागतात. एका गावातली बालके एकमेकांसारखी असतात, एकाच सेविकेकडून लस घेतात, म्हणून नमुना दुप्पट करावा लागतो. १९२ बालके ३० गटांत वाटली की प्रत्येकी सहा-सात येतात. म्हणजे ही पद्धत मुळातच दहा टक्क्यांच्या आगेमागे उत्तर देण्यासाठी बेतलेली आहे. ७८ आणि ८४ यांतला फरक तिला विचारणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे आहे.

त्याहून मोठा दोष घर निवडण्यात होता. गावाच्या मध्यावर उभे राहून बाटली किंवा पेन फिरवायचे, त्या दिशेला चालत जाऊन एक घर निवडायचे, आणि मग शेजारचे, त्याच्या शेजारचे असे सात बालके मिळेपर्यंत जायचे. गावाचा मध्य म्हणजे चावडी, मंदिर, शाळा. तिथून निघालेली पथके गावठाणातच घुटमळतात. ओढ्यापलीकडची वस्ती, गायरानातल्या झोपड्या, अर्धा तास चढण असलेला पाडा यांच्या वाट्याला सर्वेक्षण येतच नाही. कार्यकर्ते थकलेले असतात आणि बंद घर दिसले की पुढचे घर घेतात. बंद घर बहुधा मजुरीला गेलेल्या आईचे असते, आणि तिच्याच बाळाची लस राहिलेली असण्याची शक्यता जास्त असते. याच कारणांनी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शिकेत ही जुनी निवडपद्धत सोडून दिली आणि प्रत्येक घराला निवडले जाण्याची ठरावीक शक्यता असावी असा आग्रह धरला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण निवडीच्या बाबतीत याहून फार काटेकोर आहे. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे आणि सहा लाखांहून अधिक कुटुंबे होती. तरी एका जिल्ह्यात १२ ते २३ महिन्यांची बालके किती सापडतात? पुष्कळ ठिकाणी शंभर-सव्वाशे, काही ठिकाणी त्याहून कमी. १२० बालके धरली आणि गटांमुळे नमुना दीडपट लागतो असे मानले, तर ७५ टक्के या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साडेनऊ टक्क्यांची संदिग्धता राहते; खरे प्रमाण ६६ ही असू शकते आणि ८४ ही. तथ्यपत्रकात काही आकडे कंसात छापलेले असतात, ते २५ ते ४९ बालकांवर आधारलेले असतात. २५ हून कमी असतील तिथे आकड्याऐवजी तारका असते. जिल्हा बैठकीत हे कंस वाचून दाखवणारा अधिकारी मला क्वचितच भेटला. शिवाय महाराष्ट्रातले हे काम २०१९ च्या उत्तरार्धात झाले, म्हणजे त्यातली बालके २०१७ च्या मध्यापासून २०१८ च्या अखेरीपर्यंत जन्मलेली होती. आजच्या साध्याशी त्यांची तुलना करणे म्हणजे आजच्या वर्गाला काही वर्षांपूर्वीच्या वर्गाचे गुण लावणे आहे.

आपल्या राज्याचाच आलेख पाहा: पूर्ण लसीकरण १९९८-९९ मध्ये ७८ टक्के, २००५-०६ मध्ये ५९, २०१५-१६ मध्ये ५६ आणि २०१९ मध्ये ७३ च्या वर. सात वर्षांत जवळजवळ वीस टक्क्यांची घसरण केवळ कामातल्या ढिलाईने झाली असे मी मानत नाही. लसीकरणाचे कार्ड किती घरांत सापडले, आईला काय आणि कसे विचारले, पल्स पोलिओच्या थेंबांचा आणि नियमित पोलिओ मात्रेचा गोंधळ किती झाला, या सगळ्याचा त्यात हात असू शकतो. कार्ड आणि आईचे सांगणे हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते.

माता व बालसंरक्षण कार्ड हे मोजमापाचे सर्वांत विश्वासार्ह साधन आहे, ते सापडले तर. ते ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी असते, माहेरी राहिलेले असते, पावसात भिजलेले असते, किंवा सेविकेने “माझ्याकडेच राहू दे, हरवाल” म्हणून उपकेंद्रात ठेवून घेतलेले असते. एका सर्वेक्षणात कार्ड दाखवणाऱ्या घरांचे प्रमाण आम्हाला फार कमी मिळाले. दुसऱ्या दिवशी पथकांना एवढेच सांगितले की “कार्ड आहे का” असे विचारू नका. बसा, पाणी मागा, आणि “बाळाचे कार्ड जरा दाखवता का, आम्ही थांबतो” असे म्हणा. त्या दिवसापासून पेट्या उघडू लागल्या. प्रश्नावली तीच होती. सर्वेक्षणाच्या गुणवत्तेचा मोठा भाग अशा ठिकाणी ठरतो, आणि पुढे कितीही सांख्यिकी लावली तरी तो परत मिळवता येत नाही.

कार्ड नसेल तर आईला विचारावे लागते. आता आजचे वेळापत्रक पाहा. दीड महिन्याच्या बाळाला एका बैठकीत पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल उजव्या मांडीत, पोलिओचे छोटे इंजेक्शन उजव्या दंडावर, शिवाय पोलिओचे आणि जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब. हे साधारण अडीच आणि साडेतीन महिन्यांना कमी-अधिक फरकाने पुन्हा. नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला उजव्या दंडावर आणि पोलिओचे इंजेक्शन डाव्या दंडावर. दीड वर्षाने कोणी येऊन “पेंटा किती वेळा दिली” असे विचारले, तर डॉक्टर असलेल्या आईलाही सांगता येणार नाही. म्हणून लसीचे नाव विचारू नये. जागा, वय आणि परिणाम विचारावा: मांडीत टोचले का, किती वेळा गेलात, ताप आला का, डाव्या दंडावर बीसीजीची खूण आहे का. ही खूणही सर्व बालकांत उमटत नाही, त्यामुळे ती नसली म्हणून लस नाही असा निष्कर्ष काढू नये.

आई जास्त सांगते की कमी? दोन्ही घडते. भेटायला आलेल्या माणसाला बरे वाटावे म्हणून “सगळ्या झाल्या” हे उत्तर येते. अनेक मात्रांच्या लसीत मात्र एखादी मात्रा विसरली जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी देशनिहाय अंदाज काढताना या विसरण्यासाठी एक दुरुस्ती करतात. समजा, कार्ड असलेल्या बालकांत पेंटाची पहिली मात्रा ९५ टक्के आणि तिसरी ९० टक्के आहे. कार्ड नसलेल्यांत आईच्या सांगण्यावरून पहिली ८० आणि तिसरी ५० आहे. कार्डवाल्यांचे ९० भागिले ९५ हे गुणोत्तर ८० ला लावले की तिसरी मात्रा सुमारे ७६ येते. कार्ड असलेली बालके ७० टक्के असतील, तर दुरुस्तीआधीचे एकूण ७८ टक्के दुरुस्तीनंतर जवळपास ८६ होते. आठ टक्क्यांचा फरक, एकही नवे बाळ न भेटता. ही दुरुस्ती गृहीत धरते की कार्ड नसलेल्या घरांतली गळती कार्ड असलेल्या घरांइतकीच आहे. माझ्या अनुभवात तसे नसते. ज्या घरात कार्ड टिकत नाही, त्या घरात पुष्कळदा सत्राची तारीखही टिकत नाही. म्हणून मी नेहमी तिन्ही आकडे छापते: फक्त कार्डावरचा, कार्ड किंवा आईच्या सांगण्यावरचा, आणि कार्ड नसेल तिथे उपकेंद्राच्या नोंदवहीत नाव शोधून मिळालेला. शेवटचा मार्ग कष्टाचा आहे, पण तालुक्याच्या पातळीवर तो शक्य आहे आणि मला सर्वांत जास्त तोच भावतो.

कार्डावरच्या तारखांचा आणखी एक उपयोग असतो. सहा आठवड्यांच्या आत दिलेली पेंटा, चार आठवड्यांपेक्षा कमी अंतराने दिलेली पुढची मात्रा, नऊ महिने पूर्ण होण्याआधी नियमित सत्रात दिलेली गोवर-रुबेला, या मात्रा मिळालेल्या असतात पण वैध धरता येत नाहीत. वैध मात्रांचे प्रमाण वेगळे काढावे.

आता गोवराकडे. समजा, आपले खरे प्रमाण ९० टक्के निघाले. नऊ महिन्यांच्या वयात दिलेली गोवराची एक मात्रा साधारण ८५ टक्के बालकांनाच संरक्षण देते. ९० चे ८५ टक्के म्हणजे साडेशहात्तर. म्हणजे चारांतले एक मूल दुसऱ्या मात्रेपर्यंत असुरक्षित असते, आणि गोवर थांबवायला सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. त्यात लस न मिळालेली मुले तालुकाभर सारखी विखुरलेली नसतात. ती दोन-तीन पाड्यांवर, एका भट्टीवर, एका वस्तीत एकवटलेली असतात. २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला तेव्हा हेच दिसले: दाटीच्या ठरावीक वस्त्यांमध्ये आजार एकवटला होता, आणि सबंध शहराची टक्केवारी पाहून तो ओळखता आला नसता. तेव्हा आपल्या दोन पाड्यांवरची लागण १०४ टक्क्यांशीही विसंगत नाही आणि ७० शीही नाही; ती या दोन्ही आकड्यांच्या आवाक्याबाहेरची माहिती आहे.

मग तालुक्यात काय करावे? मी छेदापासून सुरुवात करीन. आशाताईंची शून्य ते दोन वर्षांच्या बालकांची यादी घ्यावी, ती गर्भवती नोंदवही, जन्म नोंदणी आणि अंगणवाडीच्या यादीशी नावानिशी जुळवावी. त्यानंतर काही वस्त्यांत आशाताईंची यादी न दाखवता दुसऱ्या पथकाकडून घरोघर स्वतंत्र यादी करून घ्यावी. आशाताईंच्या यादीत १८० बालके, दुसऱ्या पथकाच्या यादीत १५०, आणि दोन्हींत समान १२० असतील, तर १८० गुणिले १५० भागिले १२० म्हणजे एकूण बालके सुमारे २२५. दोन्ही याद्या मिळून २१० सापडली; अंदाजे १५ बालके कोणालाच दिसलेली नाहीत. ही युक्ती आपल्या देशातलीच म्हणता येईल: चंद्र शेखर आणि डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या जन्म-मृत्यू नोंदींवर ती मांडली. एक सावधगिरी ठेवावी. जे घर आशाताईंना दूर पडते ते दुसऱ्या पथकालाही दूर पडते, म्हणून खरी संख्या या अंदाजाहून थोडी जास्तच समजावी.

हे झाल्यावर छोटे सर्वेक्षण करावे. ३० गट लोकसंख्येच्या प्रमाणात निवडावेत, पण निवडीची यादी जनगणनेतल्या गावांपुरती ठेवू नये. पाडे, भट्ट्या, तांडे, रस्त्याच्या कामावरचे तळ यांची वेगळी यादी करून त्यांतून वेगळे गट घ्यावेत आणि त्यांचा आकडा वेगळा सांगावा. गटात ठरावीक भाग आखून त्यातली सर्व घरे नोंदवावीत आणि १२ ते २३ महिन्यांचे प्रत्येक बाळ घ्यावे. ग्रामीण भागात साधारण पंधरा घरांमागे असे एक बाळ मिळते, म्हणजे आठ बालकांसाठी सुमारे १२० घरे. खर्चाचा आणि दिवसांचा अंदाज याच हिशोबाने बांधावा. बंद घराच्या जागी दुसरे घर घेऊ नये, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी परत जावे, आणि तरीही न भेटलेली घरे अहवालात मोजून दाखवावीत. प्रत्येक कार्डाचा फोटो घ्यावा. आणि ज्या सेविकेने लस टोचली तिच्याकडे त्याच गावाची मोजणी देऊ नये. तिच्या प्रामाणिकपणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपल्याच कामाचे मोजमाप करण्याचा ताण तिच्यावर येऊ नये म्हणून.

एखाद्या उपकेंद्रापुरताच प्रश्न असेल तर १९ बालकांची यादृच्छिक निवड पुरते. ८० टक्के हे लक्ष्य धरले आणि १९ पैकी १३ किंवा अधिक बालकांना लस मिळालेली असेल तर ते उपकेंद्र लक्ष्यावर मानावे, १२ किंवा कमी असतील तर तिथे आधी लक्ष द्यावे. यातून टक्केवारी काढू नये; ही पद्धत फक्त वर्गवारी सांगते.

यू-विन या केंद्र सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदप्रणालीमुळे नावानिशी नोंद होऊ लागली आहे आणि माहेर-सासरचा गोंधळ तिने बराच सुटेल असे मला मनापासून वाटते. पण जे बाळ नोंदलेच गेले नाही ते त्या प्रणालीतही नाही, आणि तेवढ्यासाठी घरोघरच्या यादीला पर्याय नाही. सध्या ज्याची खूप चर्चा आहे, त्या ‘शून्य मात्रा’ बालकांचा, म्हणजे पेंटाची पहिली मात्राही न मिळालेल्यांचा, देशाचा आकडा किती नाजूक असतो ते यावरून कळेल: देशात वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी बालके धरली, तर व्याप्तीतला एक टक्का म्हणजे सव्वादोन लाख बालके. पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३ धरले तर शून्य मात्रा बालके पंधरा लाखांच्या वर, ९६ धरले तर नऊ लाख. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून आलेल्या या लहान संख्येवर वर्षावर्षाचा जल्लोष किंवा शोक करू नये.

आपल्या दोन पाड्यांसाठी मात्र यातले काहीही होईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात तिथली सर्व घरे फिरून पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव, वय, कार्ड पाहिले की नाही, गोवराच्या किती मात्रा झाल्या आणि आजार झाला का, एवढ्या नोंदी करा. मात्रा राहिलेल्यांना वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे तिथेच लस द्या, आणि ती कुटुंबे पुढचे सहा महिने कोणत्या भट्टीवर किंवा फडावर जाणार आहेत तेही लिहून घ्या. मासिक अहवालात १०४ च्या खाली एक ओळ जोडून, उद्दिष्ट कोणत्या वर्षाच्या अंदाजावरचे आहे आणि प्रत्यक्ष शिरगणतीत किती बालके सापडली, हे दोन आकडे कळवा. जिल्हा कार्यालयातून विचारणा होईल. तेव्हा पाड्यांची नावानिशी यादी सोबत घेऊन जा.